गाभण गाईला डेक्सा टोचू नका

प्रश्न : संकरित गाय सात महिन्यांची गाभण आहे. सध्या नुसता कडबा चालू आहे. उन्हाने धापा टाकते, दूध घटलंय. दुकानदार म्हणतो डेक्सा टोचा आणि दर आठवड्याला अ-ड-ई जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्या. देऊ का?

उत्तर : डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अजिबात नाही. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत डेक्साने गाय गाभडते, म्हणजे गर्भ पडतो. दूध आणखी उतरतं, अंगातली प्रतिकारशक्ती दबते, दबलेला कासदाह उसळतो. टोचल्यावर गाय काही तासांत तरतरीत दिसते आणि दुकानदार शहाणा ठरतो. हे मी गोठ्यागोठ्यांत पाहतो आहे.

मूळ दुखणं वेगळं आहे. उन्हाच्या ताणाने मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. हे संप्रेरक जास्त झालं की यकृतात साठवलेलं अ जीवनसत्त्व खर्ची पडतं. हिरव्या चाऱ्यातून ते पुन्हा भरतं. ज्या कॅरोटीनपासून गाय अ जीवनसत्त्व बनवते, ते वाळल्या कडब्यात जवळपास नसतंच. डेक्सा हे त्याच कॉर्टिसॉलच्या जातीचं, त्याहून कितीतरी जोरकस औषध. म्हणजे ताणाने रिकामं होत चाललेलं यकृत तुम्ही सुईने आणखी रिकामं करणार. साठा संपला की विल्यावर जार (वार) अडकतो, वासरू अशक्त किंवा आंधळं जन्मतं.

दर आठवड्याचं अ-ड-ईसुद्धा नको. अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साचतं, आणि जास्त झालं तर ई जीवनसत्त्वाच्या कामात आडवं येतं. गरज असेल तर पशुवैद्यक विण्याआधी महिना-दीड महिना एखादी मात्रा ठरवतील. मात्रा त्यांनीच ठरवायची, दुकानदाराने नाही.

आज करायचं ते असं : छपरावर पाचट टाका, दुपारी अंगावर पाणी मारा, पाणी चोवीस तास समोर ठेवा, कडब्याची कुट्टी रात्री घाला. पाणी असेल तर आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका आजच पेरा, दोन महिन्यांत कापणीला येतो.

आणि येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार गुंठे तरी लसूणघास (ल्युसर्न, कॅरोटीन देणारा हिरवा चारा) टाकाच. पहिली कापणी 50-60 दिवसांनी, पुढे दर महिन्याला. कोवळा, ओला घास एकटा घालू नका, पोट फुगतं, कुट्टीत मिसळा. वाळवायचा तर सावलीत वाळवा, उन्हात कॅरोटीन उडतं. ज्या गोठ्यात बारमाही लसूणघास आहे तिथे जीवनसत्त्वाच्या बाटल्या मला क्वचितच दिसतात.

वैरणीचं बियाणं अनुदानावर मिळतं, पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. डॉक्टर हवा तर 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा फोन लावा. आधीच डेक्सा टोचलं असेल तर तेही त्यांना सांगा, आणि ते सांगतील तितके दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालू नका.