कॅन्सरच्या पेशंटला प्रारब्ध सांगू नका

पत्र : न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात मी चॅप्लेनचं, म्हणजे आजाऱ्यांना आध्यात्मिक आधार देण्याच्या कामाचं, प्रशिक्षण घेते आहे; त्यातलं पहिलंच युनिट, म्हणजे पहिला टप्पा. कॅन्सर झालेल्या एक बाई म्हणाल्या, ‘माझ्याच वाट्याला हे का?’ मी कर्म-प्रारब्धावर बोलले, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या खोलीत एक मराठी आजोबा शेवटच्या घटका मोजताहेत. सुनेला त्यांच्या तोंडात गंगाजल घालायचंय, नर्स घालू देत नाही. त्यात मी हिंदू आणि बहुतेक पेशंट ख्रिस्ती. हे काम माझं नव्हे का? — संभ्रमित

उत्तर :

ताई, काम तुमचंच आहे. त्या बाईंना दिलेलं उत्तर तेवढं चुकलं. ‘का?’ हे पुष्कळदा कण्हणंच असतं, आणि त्यावर प्रारब्ध सांगितलं की आजारी माणसाला एवढंच ऐकू येतं : ही शिक्षा आहे. पेशंटने आपणहून कर्माचा विषय काढला, तरी ‘हे कधीपासून मनात येतंय?’ एवढंच विचारावं.

त्यांच्याकडे पुन्हा जा. दारावर टकटक, हाताला सॅनिटायझर, नाव सांगायचं आणि लगेच, ‘येऊ का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा.’ सुईला नाही म्हणणं अवघड, तुम्हाला म्हणता येतं. तो हक्क त्यांना वापरू द्या. हो म्हणाल्या तर खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा, पलंगावर नको. ‘त्या दिवशी मीच फार बोलले, तुमचं ऐकायचं राहिलं,’ असं म्हणा आणि गप्प बसा. नवख्याला ती शांतता खायला उठते आणि तोंडातून सुविचार निसटतो. तो गिळा.

दारावर आयसोलेशनची पाटी असेल तर नर्सला विचारल्याशिवाय आत पाऊल नको. सी-डिफ (जुलाब करणारा, पसरणारा आतड्याचा जंतुसंसर्ग) असेल तर सॅनिटायझर पुरत नाही, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवायचे. जपमाळ, पोथी बाहेरच ठेवा.

आता गंगाजल. नर्स आडमुठेपणा करत नाहीये. गिळता न येणाऱ्या माणसाला चमचाभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, गुदमरायला होतं. मात्र तोंड ओलं करायला काडीला लावलेले छोटे स्पंज वॉर्डात असतात. दोन थेंब स्पंजवर घेऊन, नीट पिळून, फक्त ओठांवरून फिरवू का, असं नर्सला विचारा. संसर्गाच्या भीतीने तेही नको म्हणाली, तर कपाळाला बोट लावा. तुळशीचं पान जिभेवर सुटं ठेवू नका, ओठांना लावून उशाशी ठेवा. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, उदबत्ती अजिबात नाही. बॅटरीचा दिवा चालतो. जमिनीवर घ्यायचा आग्रह झाला तर पलंग अगदी खालपर्यंत उतरवून मागा. बहुतेक घरांचं त्यावर समाधान होतं.

पण आजोबांना काय हवंय, हे कुणी विचारलं का? मराठी आडनावावरून अंदाज बांधू नका. माणूस वारकरी असेल, बौद्ध असेल आणि त्याला त्रिसरण ऐकायचं असेल, किंवा जन्मभर देव न मानलेला असेल. शुद्धीत असतील तर त्यांनाच विचारा. नसतील तर सुनेला म्हणा, ‘बाबा घरी काय करायचे?’

ख्रिस्ती पेशंटने प्रार्थना करायला सांगितली तर आधी विचारा, ‘देवाकडे काय मागू?’ उत्तरात बहुधा खरी भीती सापडते. येशूच्या नावाने बोलणं तुमच्या मनाला पटत नसेल तर उसनी भक्ती नको. ‘तुम्ही म्हणा, मी सोबत बसते,’ हे प्रामाणिक आहे. कॅथलिक पेशंटला आजाऱ्यांचं तैलाभ्यंग (पवित्र तेल लावून करायचा प्रार्थनेचा संस्कार) हवं असेल, तर तो संस्कार फक्त धर्मगुरूच करू शकतात. पेशंट शुद्धीत असतानाच फोन करा. रात्री दोनला धावपळ करून उपयोग होत नाही.

घरची गुपितं चार्टात लिहायची नाहीत. मात्र ‘जीव द्यावासा वाटतो’ असं कुणी म्हणालं, तर ते स्वतःपाशी न ठेवता तेव्हाच नर्सला सांगायचं.

युनिटच्या 400 तासांत तुम्हाला वर्बेटिम, म्हणजे पेशंटशी झालेल्या संभाषणाच्या शब्दशः नोंदी, लिहायचेच आहेत. पहिला त्या भिंतीकडे वळलेल्या बाईंचा लिहा. त्यांचं वाक्य, तुमचं वाक्य, मधली शांतता, जसंच्या तसं. स्वतःची वाक्यं सुधारून लिहायचा मोह होईल. सुधारलीत तर तुमच्या प्रशिक्षणाच्या गटाला आणि सुपरवायझरला पकडायला काही उरणार नाही. 1925 मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात तिथले चॅप्लेन अँटन बॉइसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात आणलं, ते पुस्तकाआधी पेशंट वाचायला शिकावेत म्हणून. बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहून आलेले होते.