नट आवळला की पेडल मरतं

‘टेबलावर दोन्ही सर्किटं गातात, डब्यात घालून नट आवळले की लाइटसुद्धा लागत नाही, अ‍ॅडॉप्टर मात्र गरम होतो.’ गिटारच्या पेडलबद्दल विचारलेल्या प्रश्नातलं तुमचं हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. आधी एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा पीएनपी फझ (गिटारचा आवाज खरखरीत करणारं सर्किट), मग ४५५८ चिपचा ओव्हरड्राइव्ह (तीच खरखर, पण सौम्य), फझला उणे ९ व्होल्ट द्यायला ७६६० चिप. अहो, हा माझाच डबा! तुम्ही फोंड्यात बसून डोकं धरलंय, मी डिचोलीत धरलं होतं, एवढाच फरक.

मी इंजिनियर नाही हे आधीच सांगतो. शाळेत गणित शिकवतो, चवथीला आरतीत घुमट वाजवतो आणि पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून सोल्डरिंग करत बसतो. चुकलो तर जाणत्यांनी कान धरावा. सोल्डर कोरडं आहे का, बॅटरी उतरली आहे का, हे तुम्ही पाहिलंच असेल; त्यात शिरत नाही.

ट्रान्झिस्टरवर घेतलेला संशय सोडा आणि पॉवरचा जॅक बघा. धातूचा आहे ना?

फझ फेस हा गाजलेला फझ पेडल १९६६ साली इंग्लंडात निघाला. त्यातले सुरुवातीचे जर्मेनियम पीएनपी, म्हणून बॅटरीचं अधिक टोक ग्राउंडला, म्हणजे सर्किटाच्या सामायिक तारेला. ओव्हरड्राइव्हचं उलट, उणे टोक ग्राउंडला. हे भांडण मिटवायलाच ७६६० घातलीय आणि तिने ते मिटवलंयही, म्हणून टेबलावर सगळं गातं. पण पेडलच्या नेहमीच्या अ‍ॅडॉप्टरला पिनेच्या आत उणे आणि बाहेरच्या नळीवर अधिक असतं. धातूच्या बहुतेक जॅकांत ती नळी जॅकच्या अंगालाच जोडलेली असते. नट आवळला की अंग डब्याला टेकलं, डब्यावर अधिक ९ आलं. तोच डबा गिटारच्या जॅकांमुळे ग्राउंड, म्हणजे उणे. झालं शॉर्ट.

मी फसलो तो काटकसरीपायी. माझा जुना फझ एकटा एका डब्यात होता, त्यात हाच धातूचा जॅक वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. चालणारच, तिथे अधिक टोकच ग्राउंड होतं, डब्याला टेकलं काय आणि न टेकलं काय. ‘चांगला आहे, टाकायचा कशाला’ म्हणून तो नव्या डब्यात बसवला. वाचवले वीस-तीस रुपये.

पुढचं सांगायला लाज वाटते. पहिल्यांदा चिप बदलली. टेबलावर ठीक, डब्यात मुकं. मग ठरवलं की जर्मेनियम गेले. सॉकेट घातले नव्हते, थेट सोल्डर केलेले. ते काढताना सोल्डरिंगची इस्त्री इतका वेळ टेकवून ठेवली की जे मेले नव्हते त्यातला एक तेव्हा खरोखर मेला. अशी जुळवलेली जोडी परत मिळत नाही हो. गेन (आवाज वाढवायची ताकद) आणि लीकेज (आपोआप गळणारा करंट) दोन्ही जमावी लागतात, आणि साधा मल्टिमीटर लीकेजही गेनमध्येच मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा बघून भुलू नका.

मग परदेशातून चार नग मागवले. पार्सल एका कचेरीत अडकलं. कुठल्या ते विचारू नका, मला अजून दुसरी पार्सलं सोडवायची आहेत. तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला ओळखपत्राची प्रत हवी. दुसऱ्या खेपेला तीच प्रत, पण सही केलेली. तिसऱ्या खेपेला साहेबांनी पाकीट तळहातावर तोललं आणि विचारलं, ‘कागदावर चार ट्रान्झिस्टर लिहिलेत, एवढ्याशा पाकिटात चार मावतात?’ त्यांच्या डोळ्यांसमोर आजोबांचा चामडी कव्हरातला रेडिओ. वाटाण्याएवढे असतात म्हटलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी लपवतोय. पार्सल सुटलं तोवर अर्धा पावसाळा सरला होता.

नवे बसवले. टेबलावर गाणं, डब्यात मौन!

चूक सापडली ती निष्काळजीपणाने. एरवी मी अ‍ॅडॉप्टर काढल्याशिवाय पाना हातात घेत नाही. त्या रात्री विसरलो. नट फिरवत होतो, लाइट लागलेला होता, शेवटच्या वेढ्याला विझला. उलटा फिरवला, लागला. चार-पाच वेळा तेच केलं आणि मग बायकोने विचारलं की हसताय का.

तेव्हा अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी काढा, मल्टिमीटर बीपवर लावा, एक टोक उघड्या अ‍ॅल्युमिनियमला, दुसरं जॅकच्या अधिक पायाला. एकदा चिवचिवून गप्प झाला तर तो कपॅसिटर भरतोय, घाबरू नका. बीप चालूच राहिला तर चोर सापडला. प्लास्टिकच्या अंगाचा जॅक आणा, भोक थोडं मोठं करावं लागेल. नटाखाली टेप लावायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. मे महिन्यात गोंद पाघळला आणि पुन्हा तेच.

जॅक बदलल्यावर बारीक शिट्टी ऐकू आली तर तो ७६६० चा आवाज आहे, साधारण १० किलोहर्ट्झ. चिपच्या नावाच्या शेवटी ‘एस’ असेल, किंवा मॅक्स १०४४ असेल, तर पाय १ पाय ८ ला जोडा, शिट्टी कानाच्या पलीकडे जाते. एलटी१०५४ असेल तर हे करू नका, तिचा पाय १ वेगळ्या कामाचा. आणि ट्रान्सफॉर्मरवाला जुना जड अ‍ॅडॉप्टर लावू नका. ९ लिहिलेलं असतं, मोकळा मोजला तर १२-१३ दाखवतो, आणि १०४४ ची सहनशक्ती १० च्या आसपासच संपते. चिपशिवाय, फझचं ग्राउंडच उलटवून चालवता येतं म्हणणारे भेटतील. काहींचं चालतंही. माझं मांडवीतल्या फेरीबोटीसारखं फट-फट करत होतं.

फझ आधी ठेवलाय ते बरोबर, तो क्रम कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. फझला थेट गिटार लागते. मध्ये बफर (सिग्नल सावरणारं सर्किट) आला की गिटारचा व्हॉल्यूम उतरवून आवाज निवळायची सगळी मजा गेली.

तरी खरं विचाराल तर (हे माझं मत, भांडायला येऊ नका) पहिल्यांदाच दोन सर्किटं एका डब्यात कोंबताना जर्मेनियम घेऊच नये. बीसी१०८ चा सिलिकॉन फझ करा, तो एनपीएन, म्हणजे पीएनपीच्या उलट, म्हणून ग्राउंड दोघांचं एक, चिपचं लचांड नाही. जर्मेनियमचं लीकेज दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होतं. किनाऱ्यावर मे महिन्यात भर दुपारी वाजवायला गेलात की संध्याकाळी घरी लावलेला बायस (ट्रान्झिस्टरची व्होल्टेजची जुळवणी) कुठल्या कुठे. ठेवायचाच असेल तर ८.२ के च्या रेझिस्टरच्या जागी ट्रिमपॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घाला आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर उणे साडेचार आणा, तेही ज्या हवेत वाजवणार त्या हवेत.

बीप वाजला का ते कळवा. आणि त्या चारांतले उरलेले दोन विकतो का असं आताच दोघांनी विचारलंय. नाही विकत. तीन खेपा घातल्यात त्यांच्यासाठी.