"बाकीची मुलं पुढे गेली, आमचाच मागे राहिला"

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षभर कानावर पडत असतं. कधी सीए करणाऱ्या मुलीबद्दल, कधी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाबद्दल. यंदा श्रावणात ते नौदलातल्या अधिकाऱ्याबद्दल ऐकलं. तो अधिकारी २३ वर्षांचा, आणि सांगणारी त्याची आई. त्यांना मी सुनंदाताई म्हणेन आणि त्याला ओंकार. नावं आणि काही खुणा बदलल्या आहेत. दोघांनी वाचून होकार दिल्यावरच हे लिहितेय.

सुनंदाताई लांज्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. ओंकार बारावीनंतर जेईईच्या गुणांवर आणि मग एसएसबीतून, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीतून, नौदलाच्या बी.टेक. प्रवेशासाठी निवडला गेला. केरळात कन्नूर जिल्ह्यात एझिमलाला भारतीय नौदल अकादमी आहे. खडकवासल्याच्या एनडीएतून नौदलात जाणारी मुलंही शेवटी तिथेच येतात आणि तिथूनच अधिकारी होऊन बाहेर पडतात. ओंकारची चार वर्षं तिथे गेली. पासिंग आउटला हे नवरा-बायको रत्नागिरीहून गाडीने पय्यनूरला उतरून गेले होते. संचलनाच्या शेवटी मुलं संथ पावलांनी "अंतिम पग" ओलांडतात आणि नंतर आई-वडील त्यांच्या खांद्यावर पट्ट्या चढवतात. तो फोटो त्यांनी पर्समधून काढून दाखवला. वडील एका खांद्याशी, आई दुसऱ्या खांद्याशी, आणि मधे मुलगा समोर बघत ताठ उभा.

त्या दुपारी तिथे जमलेल्या पालकांनी फोन नंबर घेतले आणि ग्रुप झाला. आता त्याला पावणेदोन वर्षं झाली.

बोलता बोलता त्यांनी शाळेची एक जुनी टाचणवही माझ्यापुढे ठेवली. पट्टीने आखलेले तीन रकाने: नाव, कुठे, काय मिळालं. ग्रुपवर आलेली प्रत्येक बातमी त्यात उतरवलेली. एक मुलगा अराकोणमला हेलिकॉप्टर शिकून "विंग्स", म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळवून बसला. एकाने पाणबुडीसाठी नाव दिलं होतं, तो विशाखापट्टणमला. इंजिनिअरिंग शाखेचा एकजण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, इलेक्ट्रिकलचा जामनगरला आयएनएस वलसुरावर; ही दोन्ही जमिनीवरची प्रशिक्षण केंद्रं. प्रशिक्षणाच्या जहाजावरून परदेशी बंदरांत जाऊन आलेल्यांची नावं वेगळी. ओंकारच्या ओळीत "कुठे" खाली मुंबई होतं. "काय मिळालं" तेवढं कोरं.

"इथे तुम्हाला काय लिहायचं होतं?" मी विचारलं.

"टिकट," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात टिकट मिळालं की सुटलं. ते काय असतं ते मला नीट ठाऊक नाही, ताई."

ज्या गोष्टीसाठी त्यांची सहा महिने झोप उडाली होती, ती नेमकी काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी हे त्यांना दोष द्यायला सांगत नाही. मलाही तेव्हा ते अर्धवटच ठाऊक होतं.

टिकट म्हणजे वॉचकीपिंगचं, जहाजावर स्वतंत्रपणे पहारा सांभाळण्याचं, प्रमाणपत्र. ओंकारसारखा एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाज चालवणाऱ्या, शाखेचा नवा सब लेफ्टनंट आधी कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यावर समुद्र शिकतो, पुढे युद्धनौकांवर जातो, मधे वर्ग होतात. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली तो पहारे करतो आणि शेवटी बोर्डापुढे तोंडी परीक्षा देतो. पास झाला की कॅप्टन झोपलेला असताना अख्खं जहाज त्याच्या भरवशावर सोडता येतं. ते किती लवकर मिळेल हे जहाज किती दिवस समुद्रात असतं यावरही ठरतं. जहाज दुरुस्तीला लागलं की मुलगा गोदीतच. उलट वैमानिकाचं शिक्षण ठरलेल्या तासांचं, ते संपलं की समारंभ आणि फोटो. पाणबुडीवाल्याला छातीवर डॉल्फिनचा बिल्ला मिळतो, तोही पाणबुडीवर जाऊन तिची सगळी यंत्रणा शिकल्यावर. म्हणजे टाचणवहीतल्या मुलांना एका रकान्यात बसवताच येत नव्हतं. सब लेफ्टनंटचा लेफ्टनंट साधारण दोन वर्षांनी सगळेच होतात. एवढी एक गोष्ट सोडली तर प्रत्येक शाखेचा क्रम निराळा.

हे सांगितल्यावर सुनंदाताईंचा चेहरा सैल झाला. पण मला वहीपेक्षा त्यांच्या एका वाक्याने जास्त थांबवलं होतं. "शिमग्यानंतर फोन कमी झाले," असं त्या सहज म्हणून गेल्या होत्या. शिमग्याच्या सुमारास ग्रुपवर काही विशेष आलं होतं का, म्हणून आम्ही दोघींनी वही चाळली. काहीच नव्हतं. मग तो दुसऱ्यांच्या बातम्यांनी गप्प झालेला नव्हता.

ओंकार गणपतीला आला. आईने सांगितलं म्हणून आला, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. "अरेतुरे केलं तर चालेल ना?" विचारल्यावर "हो मॅडम" म्हणाला आणि पुढे पंधरा मिनिटं हो-नाहीत उत्तरं दिली. जहाजाचं नाव, ते कुठे होतं, कुठे जाणार, हे मी विचारणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. नौदलातल्या मुलांशी बोलताना हे करावंच, निम्मा ताण तिथेच उतरतो.

"मित्राला विंग्स मिळाले, त्याचं वाईट वाटतं?"

"नाही. त्याला मीच पहिला फोन केला." थोड्या वेळाने म्हणाला, "आईला वाटतं मला त्याचंच वाईट वाटतंय."

मग बोलण्यात ती रात्र आली. शिमग्यानंतरच्या आठवड्यातली, बारा ते चारचा पहारा, ज्याला ते मिडल वॉच म्हणतात. मासेमारीचा हंगाम भरात. किनाऱ्यापासून लांबवर होड्यांचे दिवेच दिवे. माझ्या टेबलावर त्याने स्टेपलर घेतला, ते त्यांचं जहाज. पेनाची टोपणं म्हणजे होड्या. स्टेपलरला मी बोट म्हटलं. "शिप," त्याने मला दुरुस्त केलं, "बोट म्हणजे आमच्यात पाणबुडी." त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू.

"दुसऱ्या जहाजाचा लाल दिवा आपल्या उजवीकडे दिसला, तर वाट आपण द्यायची. वर हिरवा, खाली पांढरा असेल तर ट्रॉलर, जाळं पाण्यात आहे, त्याच्यापासून दूर राहायचं. पण लहान होड्यांवर पुष्कळदा एकच पांढरा दिवा असतो." एक टोपण त्याने स्टेपलरच्या पुढे उजवीकडे ठेवलं. "हा. मी बेअरिंग घेतलं. दोन मिनिटांनी परत घेतलं, तेच. परत घेतलं, तेच."

बेअरिंग म्हणजे आपल्याला तो दिवा कोणत्या दिशेला दिसतो तो कोन. दिवा जवळ येतोय आणि कोन बदलत नाही, तर टक्कर होणार.

"मग?"

"मग मी उभा राहिलो."

कॅप्टन दररोज रात्री हुकुमाच्या वहीत लिहून सही करून झोपतात: शंका आली तर मला उठवा. उठवू की नको, पहाऱ्यावरचे लेफ्टनंट सर दुसऱ्या बाजूच्या जहाजांकडे बघतायत त्यांना सांगू की नको, आपल्याला एवढंही कळत नाही असं वाटेल का, यात किती वेळ गेला ते त्याला सांगता येईना. सरांनीच वळून पाहिलं आणि सुकाणू उजवीकडे टाकायला सांगितलं. होडी डावीकडून निघून गेली. होडीवरचा माणूस टॉर्च हलवत होता. त्या टॉर्चचा उजेड ओंकारच्या तोंडावर आला होता, इतकी ती जवळ होती.

कुणी ओरडलं नाही. कॅप्टन सकाळी एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी उठव. तीन आठवड्यांनी बोर्डासमोर नेमका तोच प्रश्न आला. नियम तोंडपाठ, पण आवाज फुटेना. बोर्ड तीन महिने पुढे गेलं, मग पावसाळ्यात जहाज दुरुस्तीला लागलं आणि ते आणखी लांबलं. यातलं घरी काहीच माहीत नव्हतं.

झोप, भूक, दारू, जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हे सगळं मी स्पष्ट शब्दांत विचारलं. अशा वेळी आडून विचारू नये. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. तसे विचार त्याच्या मनात नव्हते. झोप मात्र मोडली होती, डोळा लागला की तो टॉर्च दिसायचा. ती सुधारली नाही तर जहाजावरच्या डॉक्टरांना सांगायचं, असं आम्ही ठरवलं. "कॅटेगरी खाली येईल", म्हणजे वैद्यकीय दर्जा घसरेल, ही भीती त्याने लगेच बोलून दाखवली. ही भीती वर्दीतल्या प्रत्येकाला असते आणि तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी त्याला दिला. पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, २०२३ च्या डिसेंबरमध्ये खास सैन्यदलांसाठी तिचा कक्ष सुरू झाला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या भेटीत आम्ही ती रात्र कागदावर मिनिटामिनिटाने मांडली. दिवा पाहिला: बरोबर. बेअरिंग घेतलं: बरोबर. धोका ओळखला: बरोबर. सांगितलं: नाही. तो कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. पाच महिने तो स्वतःला "मला हे जमणारच नाही" असं सांगत होता, आणि न जमलेली गोष्ट एकच निघाली.

"आणि घरी कोणाला उठवलंस?" मी विचारलं. तो काही बोलला नाही, आणि मीही पुढे काही बोलले नाही.

मग मी त्याला उभं राहून ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं, ब्रिजवर म्हणतात तसं, दिवा कुठे आहे, कोन बदलत नाही, आपण वळायला हवं. पहिल्यांदा घसा दाटला. सहाव्या-सातव्या वेळेला शेजारच्या खोलीतून माझी सहकारी काय झालं म्हणून डोकावली. ते वाक्य त्याने रोज घरीही म्हणायचं, परसात, नारळाच्या झाडांसमोर का होईना. भीतीने अडकलेला आवाज नुसत्या समजुतीने मोकळा होत नाही, त्याला सवय करावी लागते.

पुढचं त्याचं त्यानेच केलं. एका पहाटे तो मिरकरवाड्याच्या बंदरावर गेला, ओळखीतून एका तांडेलाला, म्हणजे मच्छीमार होडीच्या प्रमुखाला, भेटला आणि त्याला विचारलं, रात्री मोठं जहाज तुम्हाला कसं दिसतं? तांडेल म्हणाला, "इमारत चालून येते असं वाटतं. जाळं पाण्यात असलं की आम्हाला हलता येत नाही. बॅटरी जपायची असते म्हणून दिवा एकच. मग टॉर्च मारतो, वरच्याने बघावं म्हणून." हे सांगताना ओंकार माझ्या टेबलावर पुढे वाकला होता. "मॅडम, मला वाटत होतं तो माझ्यावर चिडून टॉर्च मारत होता. तो सांगत होता हो, मी इथे आहे."

परत जायच्या दोन दिवस आधी मायलेक एकत्र बसले. त्याने सगळं सांगितलं. सुनंदाताईंनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला ग्रुपवर काहीतरी लिहावं लागलं असतं, आई."

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. ग्रुप सोडा, असं मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. मुलाचं जहाज कुठे आहे हे न कळता आठ-आठ दिवस वाट बघणं काय असतं, ते त्या ग्रुपमधल्या आयांनाच कळतं. फक्त दुसऱ्याच्या मुलाची बातमी वाचून आपल्या मुलाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधू नये. तो बहुतेक वेळा चुकतो. सुनंदाताई तुलनेच्या दुःखावर फुंकर घालत होत्या आणि मुलाचं दुखणं भलतीकडेच होतं. "टिकट कधी?" या प्रश्नाला मुलाकडे एकच उत्तर असतं, आणि ते त्याला द्यायचं नसतं. त्याऐवजी काय विचारायचं याचा आम्ही तिघांनी सराव केला. पहारा कोणता होता. झोप किती झाली. जेवायला काय होतं. आणि तो गप्प राहिला तर फोन ठेवायची घाई करायची नाही.

बोर्ड अजून व्हायचं आहे. मागच्या आठवड्यात सुनंदाताई शाळा सुटल्यावर येऊन गेल्या. जहाज बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला होता, रात्री मिडल वॉच केली म्हणून सांगत होता.

"मी विचारलं, किती होड्या होत्या रे? म्हणाला, चौदा मोजल्या. मग एकेक सांगत बसला, कुठली कुठून आली, कुणाचा दिवा कसला होता. आणि म्हणाला, एकदा कॅप्टनना उठवलं. मी घाबरले, म्हटलं काय झालं? तर म्हणाला, काही नाही गं, ते वर आले, बघितलं आणि परत झोपायला गेले."