मॅनकाइंड खरंच पडला होता का?

मागच्या अंकात पोलीस भरतीच्या एका प्रश्नाला उत्तर देता देता मी लिहून गेलो होतो की टीव्हीवरची डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कंपनीची (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कुस्ती ठरवून खेळतात, तरी त्यातला मॅनकाइंड नावाचा पहिलवान मला आजही आवडतो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की या महिन्यात गोळाफेक अन् सोळाशे मीटर सगळं पुढं ढकललं. नावं छापत नाही, तालुके तेवढे देतो.

प्रश्न (दर्यापूर तालुका): सर, नमस्कार. मी शेती करतो. ९८-९९ साली आमच्या गावात दोनच घरी केबल होतं, आमी पंधरा-वीस पोट्टे त्याईच्या ओसरीत दाटीवाटीनं बसून पाहाचो, लाइन गेली की ते काका ट्रॅक्टरची बॅटरी लावून देत. मॅनकाइंड पिंजऱ्यावरून खाली पडला तवा कोनाच्या तोंडातून आवाज निंघाला नाही, एवढं मले आठवते. आता माझं पोरगं आठवीत आहे, ते म्हणते बाबा ते सगळं फेक असते, तुमाले येडं बनवलं. मले लय वाईट वाटलं. सर, खरं सांगजा, ते खोटं होतं काय?

उत्तर: भाऊ, पोरगं अर्धं बरोबर बोललं आणि अर्धं चुकलं. कोण जिंकणार हे तिथं आधी ठरलेलं असतं, शेवट कसा करायचा आणि मोठे डाव कोणते तेही ठरतं. आपल्याकडं याला नुरा कुस्ती म्हणतात, आणि दंगलीत नुरा आहे असं लक्षात आलं की लोकं पहिलवानाला आखाड्यातून हाकलून देतात, कारण गावानं वर्गणी दिलेली असते ती खऱ्या कुस्तीसाठी. तिकडचं वेगळं आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफनं १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढं स्वतःच मान्य केलं की ही करमणूक आहे, स्पर्धा नाही, त्यामुळं कोणी कोणाला फसवलं असं होत नाही. पण निकाल ठरला म्हणून जमीन मऊ होत नाही ना! रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वरून पातळ फोम आणि कॅनव्हास, अन् खुर्ची असते ती लोखंडाचीच.

मॅनकाइंडचं खरं नाव मिक फोली. जन्म १९६५, वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. १९८३ साली, कॉलेजात असताना, लोकांच्या गाड्यांना हात दाखवत दाखवत हा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या स्टेडियमला पोचला, आणि तिथं जिमी स्नूका नावाच्या पहिलवानानं पिंजऱ्यावरून उडी मारलेली पाहिली. तिथंच त्याचं ठरलं. मग डॉमिनिक डेन्युची नावाच्या जुन्या पहिलवानाकडं शिकायला दर आठवड्याला शेकडो किलोमीटर गाडी चालवत जायचा आणि मुक्कामाला पैसे नसले की गाडीतच झोपायचा. शिकला काय, तर आधी पडायला शिकला. हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टेकवायची, दोन्ही हात जमिनीवर आपटायचे म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. हे महिनोन्‌महिने करावं लागतं. कॅक्टस जॅक, ड्यूड लव्ह, मॅनकाइंड ही तिन्ही नावं त्याचीच, पण तिघांचं अंग एकच, हे लक्षात असू द्या.

आता त्या रात्रीचं. २८ जून १९९८, पिट्सबर्ग, समोर अंडरटेकर नावाचा पहिलवान. रिंगभोवतीचा लोखंडी पिंजरा १६ फूट उंच, म्हणजे आपल्या घराच्या स्लॅबवर अजून निम्मं घर चढवलं तर होईल तेवढा. कुस्ती सुरूच झाली पिंजऱ्याच्या माथ्यावर आणि थोड्याच वेळात अंडरटेकरनं त्याला कडेवरून खाली फेकलं, तो स्पॅनिश कॉमेंट्रीवाल्यांच्या टेबलावर जाऊन आदळला. हे पडणं ठरलेलं होतं, हो, पण माणूस १३० किलोचा, सोयाबीनचे दोन भरलेले कट्टे म्हणा, आणि वरून खाली यायला जेमतेम एक सेकंद. त्याचा खांदा निखळला. स्ट्रेचरवर घालून नेत होते तर हा त्यावरून उतरला आणि पुन्हा पिंजऱ्यावर चढला.

दुसरं पडणं मात्र असं ठरलेलं नव्हतं. वर जाळीवर चोकस्लॅम दिला, म्हणजे गळा धरून उचलून आपटलं, अन् जाळीचा तुकडाच सुटला, हा पाठीवर सरळ रिंगमध्ये आणि मागोमाग वरची लोखंडी खुर्ची त्याच्या तोंडावर. दात तुटला, त्याचा तुकडा नाकपुडीपाशी दिसत होता, तो तुम्ही पण पाहिला असेल.

तुमच्या पोराला मी याच्या पुढचं अर्धं मिनिट दाखवीन. फोली रिंगमध्ये निपचित पडलाय, शुद्धीवर आहे की नाही कळत नाही, तेवढ्यात टेरी फंक नावाचा ५३ वर्षांचा जुना पहिलवान आत शिरतो. अंडरटेकर त्याला धरतो आणि असा आपटतो की फंकच्या पायातले बूटच निघून येतात. लोकं बूट पाहतात, फंककडं पाहतात, आणि तेवढ्या वेळात फोलीला श्वास घ्यायला मिळतो. म्हाताऱ्यानं दोस्तासाठी वेळ काढून दिला राजेहो, स्वतःची पाठ देऊन. आणि अंडरटेकर तरी काय, त्याचा पाय त्या दिवशी मोडलेला होता. एकमेकांचे दुश्मन म्हणून जे उभे होते ते तिघं त्या रात्री एकमेकांना सांभाळत होते. तुम्ही ओसरीत गप्प झालात ते बरोबरच होतं भाऊ.

प्रश्न (अचलपूर तालुका): गुरुजी, मी सत्तरीतला मानूस, तरुणपणी पोळ्याच्या अन् जत्रेच्या दंगली खेळलो. माहे दोन्ही कान मोडलेले आहेत. नातू म्हणते का त्या अमेरिकेच्या पहिलवानाचा कानच तुटून पडला. कान मोडते हे मले समजते, तुटते कसा? अन् काटेरी तारा लावून खेळते म्हणे, ते कायची कुस्ती?

उत्तर: काकाजी, तुमच्या पत्रानं लय आनंद झाला. मोडका कान म्हणजे पहिलवानाचा दाखला, तो कोणी मागून मिळत नाही. घासून घासून कानाच्या कातडीत आणि आतल्या कुर्चेत रक्त साचतं, ते वेळेवर काढलं नाही की तिथंच घट्ट होऊन बसतं आणि कान कायमचा गोळा होतो. तुमचे कान वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं मोडले, त्याचा गेला काही मिनिटांत.

मार्च १९९४, जर्मनीतलं म्युनिक शहर, समोर व्हेडर नावाचा धिप्पाड गडी. फोलीचा एक ठरलेला डाव होता, वरच्या दोन दोरांत मान अडकवून घ्यायची, फाशी लागल्यासारखं दिसतं. तेव्हा तो ज्या कंपनीत होता तिच्या रिंगचे दोर सुताचे नव्हते, आत लोखंडी केबल आणि वरून रबर, आणि त्या दिवशी ते रोजच्यापेक्षा जास्त आवळलेले होते. मान अडकली ती निघेच ना. त्यानं जोर लावून डोकं ओढून काढलं तेव्हाच कान फाटला, आणि तसाच पुन्हा रिंगमध्ये येऊन व्हेडरशी भिडला, त्यात उजव्या कानाचा मोठा भाग गळून खाली पडला आणि पंचानं तो उचलला. डॉक्टरांना तो परत जोडता आला नाही. पुढं ऑपरेशन करून कान नवा बनवायचा पर्याय होता, पण त्यात कामाचे महिने गेले असते म्हणून त्यानं ते टाळलं. जुने फोटो पाहा, लांब केसांखाली उजवी बाजू झाकलेली दिसेल.

तारेचं म्हणाल तर तेही खरं आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये जपानच्या कावासाकी स्टेडियममध्ये एका दिवसात अख्खी स्पर्धा झाली, त्याला डेथमॅच म्हणतात, काटेरी तारा, खिळ्यांच्या फळ्या, फायनलला तर स्फोटकं. फायनल कॅक्टस जॅक आणि तोच टेरी फंक यांच्यात होती, फोली जिंकला. हे मला पटत नाही काकाजी, स्पष्ट सांगतो. रानडुकरांसाठी आपण धुऱ्याला काटेरी तार ओढतो, ओढताना एकदा पोटरीला लागली तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं आणि चालताना आठ दिवस ओढ बसते. ती तार अंगावर घेऊन लोकांना खूश करणं यात हिंमत आहे, नाही म्हणत नाही, पण कसब त्याच्याकडं एवढं होतं की तारेवाचूनही लोकं खुर्चीवरून उठली असती. माझ्या लेखी त्याची मोठी कामं ती, ज्यात त्यानं मार खाता खाता तोंडानं गोष्ट सांगितली. माइक हातात घेऊन तो बोलायला लागला की डोळे भरून यायचे, इंग्रजी अर्धंच कळत होतं तरी.

प्रश्न (दारव्हा तालुका): सर, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. मोबाइलवर हे जुने व्हिडिओ पाहतो आणि मित्रांना घेऊन स्लॅबवरून कुटाराच्या ढिगावर उड्या मारतो. परवा शेजारच्या मुलाच्या डोक्यात प्लास्टिकची खुर्ची घातली. रागावलं तर ऐकत नाही. काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी हेच पत्र वाचलं होतं मी. १९९९ च्या दिवाळीनंतर कापसानं भरलेल्या बंडीवरून मी चुलतभावाच्या अंगावर उडी मारली होती, मॅनकाइंड म्हणूनच. खाली कापूस पसरलेला होता, मऊच वाटत होता, पण माझा हात बंडीच्या चाकावर गेला. गावातच बसवून घेतला तो नीट बसला नाही, डावा कोपर आजही सरळ होत नाही आणि भरतीत मेडिकलला मी त्यावरच बाद झालो. धावण्यात गटात पहिला होतो. म्हणून पोरांना हे सांगताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

मुलाला रागावू नका, शेजारी बसवून एक गोष्ट सांगा. २४ जानेवारी १९९९ ला फोलीची रॉक नावाच्या पहिलवानाशी कुस्ती झाली, दोघांपैकी एकानं हार मानली म्हणून तोंडानं म्हणायचं अशी. फोलीचे हात मागं बेड्यांनी बांधलेले होते आणि रॉकनं त्याच्या डोक्यात एकामागून एक ११ खुर्च्या मारल्या, आधी बोलणं झालं होतं त्याच्या कितीतरी जास्त. डोकं झाकायला हात मोकळे नव्हते. समोरच्या रांगेत त्याची बायको आणि दोन लहान लेकरं बसलेली होती, त्यांना आधी सांगितलं होतं की हा खेळ आहे, तरी ती ओरडून रडत होती. एका माहितीपटवाल्यांनी ते शूट केलं आणि नंतर लेकरांचे ते चेहरे पाहून फोलीला बाप म्हणून स्वतःची लाज वाटली, हे त्यानं उघड सांगितलंय. वर्षभरानं, २००० साली, वयाच्या ३४ व्या वर्षी त्यानं नियमित कुस्ती थांबवली. मग अधूनमधून आला, २००६ ला एज नावाच्या पहिलवानाबरोबर पेटलेल्या टेबलावरही पडला, पण २०१२ मध्ये परत खेळायचं म्हणाला तर डॉक्टरांनीच परवानगी दिली नाही. डोक्याला बसलेला मार असा साठत जातो. आणि ज्या कंपनीनं हे दाखवून पैसा कमावला तिनंच २०१० साली डोक्यात खुर्ची मारणं बंद केलं, हे मुलाला नक्की सांगा, मोठ्या पहिलवानांनाही आता ते करता येत नाही.

ज्या मुलाला खुर्ची लागली त्याच्या आईशी आजच बोला. उलटी, सारखी झोप, डोकं दुखणं वाढत जाणं, बोलणं अडखळणं किंवा तेच तेच विचारणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकू नका, लगेच दवाखान्यात न्या. काही दिसलं नाही तरी काही दिवस उड्या, खेळ बंद. कुटाराच्या ढिगाखाली विळा, दगड, तुराट्यांचे खुंट काहीही असू शकतं, ढीग असा ठेवा की स्लॅबवरून तिथं उडी पोचणारच नाही.

आणि त्याच्या अंगात जी रग आहे ती मारू नका. जवळपास तालीम असेल तर घाला, नसेल तर शाळेत जुडो किंवा कुस्ती शिकवणारे सर आहेत का विचारा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आपल्याच भागात आहे, सुट्टीत एकदा नेऊन दाखवा. तिथं पहिल्या दिवशी त्याला पडायलाच शिकवतील, ते पण मॅटवर. फोलीसुद्धा कॉलेजात असताना दोस्ताच्या छतावरून उडी मारून व्हिडिओ काढत होता, आणि तरी उस्ताद धरल्याशिवाय त्याचं काही झालं नाही.

प्रश्न (वणी, विद्यार्थी): सर, मॅनकाइंड नुसता मारच खायचा की कधी चॅम्पियन पण झाला?

उत्तर: तीनदा झाला बेटा. आणि पहिल्या वेळची गोष्ट दर्यापूरच्या भाऊंनी पण वाचावी. ती कुस्ती २९ डिसेंबर १९९८ ला अमेरिकेतल्या वूस्टर या शहरी शूट झाली आणि ४ जानेवारी १९९९ ला टीव्हीवर दाखवली. त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर डब्ल्यूसीडब्ल्यूचा कार्यक्रम लाइव्ह चालू होता, हीच ती कंपनी जिच्याकडं असताना त्याचा कान गेला. त्यांच्या कॉमेंटेटरनं वरून आलेल्या हुकमानं मध्येच सांगून टाकलं की तिकडं आज मॅनकाइंड जिंकणार आहे, आणि याला पाहायला आता गर्दी होईल बरं का अशी टिंगल पण केली. हेतू हा की निकाल कळला म्हणजे कोणी तिकडं जाणार नाही. झालं उलटं, लाखो लोकांनी तेव्हाच चॅनल बदललं. निकाल माहीत होता, तरी त्या जाड्या, अर्ध्या कानाच्या, दात पडलेल्या माणसाच्या हातात पट्टा आलेला त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. त्यांनी पाहिला. साथीदारांनी फोलीला खांद्यावर उचललं आणि त्यानं माइकवरून घरच्या आपल्या दोन लेकरांना सांगितलं की बाबा जिंकला.