शब्दशंका : दीडशहाणे, साडेतीन शहाणे आणि अक्कलखाते

प्रश्न : ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण आळशी माणसाला लावतात. ते बरोबर आहे का? आणि बैलाचा इथे काय संबंध?

उत्तर : बरोबर नाही. या म्हणीत ‘जो’ गाळलेला आहे. तो घालून वाचा : जो अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. रिकामा म्हणजे काम नसल्याने नुसता उभा असलेला. पेरणीच्या दिवसांत औताला न जुंपलेला बैल वैरण तर खातोच, आणि तेवढ्यात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी जमिनीची ओल, निघून जातो. हा माणूस आळशी नसतो. तो दहा जणांचे सल्ले खोडून काढतो, आणखी चांगला मार्ग शोधत बसतो आणि काम सुरूच होत नाही. काथ्याकूट करून संधी घालवणाऱ्याला ही म्हण लावा. काम टाळणाऱ्यासाठी ‘कामचुकार’ हा चांगला शब्द आहे.

प्रश्न : ‘दीडशहाणा’ म्हटले की राग येतो, ‘साडेतीन शहाणे’ हा मात्र इतिहासातला गौरव. असे का?

उत्तर : मोजले काय जाते, ते पाहा. ‘दीडशहाणा’मध्ये एकाच माणसाच्या शहाणपणाचे माप आहे. एक पुरे असताना वरचे अर्धे म्हणजे नको तिथे पाजळलेली अक्कल. ‘साडेतीन शहाण्यां’मध्ये माणसे मोजली आहेत. अठराव्या शतकातले हे चार मुत्सद्दी : पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, तर नाना फडणवीस अर्धे. नानांची बुद्धी कमी होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. बाकीचे तिघे मुत्सद्देगिरीबरोबर तलवारही चालवत, नाना लढवय्ये नव्हते, असे त्याचे कारण सांगितले जाते. विठ्ठल सुंदर तर १७६३मध्ये राक्षसभुवनच्या लढाईतच मारले गेले. म्हणजे त्या काळच्या ‘शहाणा’ या पदवीत रणांगणही धरलेले होते. आज हा शब्द नुसत्या हुशारीसाठी वापरतो, म्हणून नानांचे ‘अर्धे’ असणे आपल्याला खटकते.

प्रश्न : व्यवहारात फसून पैसे बुडाले, तर ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणावे की ‘अक्कलखाती जमा’?

उत्तर : बुडाले कोणाचे, यावर ते ठरते. स्वतःचे बुडाले असतील तर अक्कलखाती. जमाखर्चात प्रत्येक रक्कम कुठल्या ना कुठल्या खात्यावर टाकावी लागते. जिच्या बदल्यात धडा सोडून काहीच हाती आले नाही, ती अकलेच्या खात्यावर. दुसऱ्याचे बुडालेले पाहून तुम्ही वेळीच हात आखडता घेतलात, तर पहिली म्हण. ‘पुढच्यास’ म्हणजे पुढच्याला. या म्हणीला दोन माणसे लागतातच. स्वतःला ठेच लागल्यावर ती वापरण्याची चूक वर्तमानपत्रांतही दिसते.

प्रश्न : ‘साठी बुद्धी नाठी’मधला ‘नाठी’ म्हणजे काय? नाठाळ का?

उत्तर : नाठाळ नव्हे. संस्कृत ‘नष्ट’, प्राकृत ‘नट्ठ’, त्यावरून ‘नाठी’ : नाहीशी झालेली. साठाव्या वर्षी बुद्धी जाते, असा सरळ अर्थ. म्हण टिकली ती यमकामुळे, खरेपणामुळे नव्हे. एकसष्टीच्या पत्रिकेत ती कौतुकाने छापू नका.