‘मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी’ या बातमीचा नेमका अर्थ काय घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या वडिलांना (वय ६१) तोंडाचा कर्करोग होता. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊनही वर्षभरात आजार उलटला आणि आता पुन्हा शस्त्रक्रिया करता येणार नाही. हडपसरच्या तुमच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर ‘लो डोस इम्युनोथेरपी’ सुचवली आहे. या उपचाराने मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी होतो अशी बातमी तुमच्या वाचनात आली. तेव्हा बरे होण्याची शक्यता ४५ टक्के समजायची का, कमी डोस म्हणजे गरिबाघरचा दुय्यम उपचार का, आणि पूर्ण डोससाठी दौंडची दोन एकर जमीन विकावी का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी डॉक्टर नाही. गेली अकरा वर्षे पुण्यातील एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या उपचार-चाचण्यांचा समन्वयक, म्हणून काम करतो. रुग्णांना संमतिपत्र वाचून दाखवणे, तारखा सांभाळणे, नोंदी भरणे हे माझे काम आहे. त्यामुळे उपचार कोणता घ्यावा हे मी सांगणार नाही, पण हे आकडे कुठून येतात आणि कसे वाचायचे, एवढे मला खात्रीने सांगता येईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील अभ्यासाची असावी, जो २०२३ च्या सुरुवातीला ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये छापून आला. डोके व मानेच्या भागातील, पूर्ण बरा होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण त्यात होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. ७५ जणांना फक्त गोळ्या दिल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज दोनदा सेलेकॉक्सिब आणि रोज एकदा अर्लोटिनिब. उरलेल्या ७६ जणांना याच गोळ्या आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध फक्त २० मिलिग्रॅम सलाईनमधून दिले. एक वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के. निम्मे रुग्ण दगावेपर्यंतचा काळ, ज्याला मध्यक म्हणतात, पहिल्या गटात ६.७ महिने होता आणि दुसऱ्यात १०.१ महिने.

मग ४५ टक्के आले कुठून? या अभ्यासात ‘हॅझार्ड रेशो’ ०.५४५ निघाला. तो समजावून सांगताना मी गळक्या हंड्यांचा दाखला देतो. दोन हंडे भरून ठेवले आहेत आणि दोन्ही गळतात. दुसऱ्या हंड्याची गळती कोणत्याही क्षणी पहिल्याच्या साधारण ५५ टक्के आहे, म्हणजे ४५ टक्क्यांनी कमी आहे. हा आकडा गळतीच्या वेगाचा असतो. हंडा शेवटी किती भरलेला राहील, किंवा गळती बंद होईल का, हे त्यात कुठेच नसते. बातमी लिहिणारा मात्र ‘वेग’ हा शब्द गाळतो, आणि वाचणारा ‘धोका कमी’ याचा अर्थ ‘बरे होण्याची शक्यता’ असा करून घेतो.

म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी माझ्याकडे अशी बातमी आणली, की मी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दहा बाय दहा टिंबे काढतो. तुमच्या वडिलांसारखे शंभर जण म्हणून ही शंभर टिंबे. केवळ गोळ्यांवर वर्षभराने त्यांतली १६ उरतात. निवोलुमॅब जोडले तर ४३. म्हणजे शंभरांतील सत्तावीस जणांना या औषधामुळे वर्ष पाहता आले, आणि औषध घेऊनही सत्तावन्न जणांना ते पाहता आले नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि घरात दोन्ही सांगितली गेली पाहिजेत. बहुतेक घरांत पहिले सांगितले जाते आणि दुसरे जिन्यात, रुग्णाच्या पाठीमागे, कुजबुजत बोलले जाते.

हाच टक्का वेगळ्या आजारात अगदी वेगळ्या वजनाचा असतो, हेही लक्षात घ्या. टाटा मेमोरियलच्याच नेतृत्वाखाली देशातील अकरा केंद्रांत स्तनाच्या कर्करोगावर एक अभ्यास झाला आणि तोही २०२३ मध्येच प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दात काढताना वापरतात त्याच भुलीच्या औषधाचे, इंजेक्शन दिले. मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी झाला. ४५ पुढे २९ फिका वाटतो ना? पण तो आजार लवकरच्या टप्प्यातील होता. पाच वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्या महिलांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या आणि घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के. म्हणजे शंभरांमागे चौघींपेक्षा थोडा कमी फायदा, पण तो पाच वर्षांच्या अंतरावर मोजलेला, आणि तोही अतिशय स्वस्त औषधाने मिळालेला. (दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिले नव्हते, म्हणून काही तज्ज्ञ या निष्कर्षाकडे सावधपणे पाहतात, मला ती सावधगिरी रास्त वाटते.) टक्केवारी कशाची, किती काळानंतरची आणि कोणत्या टप्प्यातील रुग्णांची, हे कळल्याशिवाय दोन बातम्यांतील आकड्यांची तुलना करू नये.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे मोजले काय. गाठ लहान झाली, आजार काही महिने वाढला नाही आणि माणूस जास्त जगला, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. याचे प्रसिद्ध उदाहरण बेव्हॅसिझुमॅब या औषधाचे. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात केमोबरोबर ते दिले असता आजार न वाढता गेलेला काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिन्यांवर गेला, म्हणजे चक्क दुप्पट झाला, आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. पण एकूण आयुर्मान दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते: २५.२ आणि २६.७ महिने. पुढच्या अभ्यासांतही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, आणि २०११ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. उलट जून २०२२ मध्ये ‘कर्करोगावर रामबाण औषध सापडले’ असे जे संदेश घरोघरी फिरले, त्यामागचा डोस्टार्लिमॅबचा अभ्यास खरा होता आणि चांगलाही होता. फक्त ते बारा रुग्ण गुदाशयाच्या कर्करोगाचे, आणि त्यातही एका विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या मोजक्या प्रकाराचे होते. त्या आठवड्यात आमच्या ओपीडीत यकृताच्या, फुफ्फुसाच्या, अगदी रक्ताच्या कर्करोगाचे नातेवाईकही ‘ते औषध’ मागायला आले होते. तुमच्या बातमीतील अभ्यासात माणसे किती जगली हेच मोजले आहे, ही त्याची जमेची बाजू.

आता कमी डोसबद्दल, कारण तुमची खरी बोच तीच आहे असे मला वाटते. निवोलुमॅबचा प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे वीस मिलिग्रॅम हा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ऐकणाऱ्याला वाटते की दूध पाणी घालून विकले जात आहे. पण हे औषध केमोसारखे गाठीवर थेट मारा करत नाही. रोगप्रतिकारक पेशींवर पीडी-१ नावाचा एक अटकाव असतो. औषध त्या जागेवर जाऊन बसते आणि अटकाव सुटतो. जागा भरल्या की आणखी औषध ओतून फारसे काही साधत नाही. औषध बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत किलोमागे ०.१ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शंभर पटींच्या फरकाने डोस देऊन पाहिले होते आणि सर्वांत कमी डोसवरही या जागा मोठ्या प्रमाणावर व्यापलेल्या आढळल्या होत्या. कमी डोस तपासून पाहण्यात औषध कंपनीला रस असण्याचे काही कारण नाही. तो प्रश्न आपल्यासारख्या देशातील सार्वजनिक रुग्णालयानेच विचारायचा होता आणि त्यांनी तो विचारला, याचे मला कौतुक आहे.

पण याची मर्यादाही सांगतो. त्या अभ्यासात कमी डोसची तुलना पूर्ण डोसशी केलेली नव्हती. ‘काहीच निवोलुमॅब नाही’ याच्याशी केली होती. त्यामुळे कमी डोस उपयोगी पडतो असे त्यावरून म्हणता येते, तो पूर्ण डोसइतकाच चांगला आहे असे म्हणता येत नाही. शिवाय सगळे रुग्ण एकाच रुग्णालयातले होते आणि बऱ्यापैकी चालते-फिरते होते. तुमचे वडील दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर असतील, तर हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. डॉक्टर ओपीडीत ‘स्वतःची आंघोळ स्वतः करता का’ असे विचारतात, ते गप्पा म्हणून नव्हे.

त्रासाचे म्हणाल तर तीव्र स्वरूपाचे दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात ५० टक्के आणि निवोलुमॅबच्या गटात ४६.१ टक्के रुग्णांना झाले, म्हणजे इंजेक्शनमुळे त्यात भर पडली नाही. तरीही दम लागणे किंवा जुलाब थांबत नसणे हे इम्युनोथेरपीवर असताना घरी अंगावर काढायचे नसते, त्याच दिवशी कळवायचे असते. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच! ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यास जीवावर बेतते. इंदापूरच्या एका सूनबाईंनी त्या पाकिटावर लाल पेनने मोठ्या अक्षरात ‘फक्त सोमवार’ लिहून ते देवघराशेजारच्या फडताळात वेगळे ठेवले होते. मी तेव्हापासून सगळ्यांना तेच करायला सांगतो.

त्याच सूनबाईंची शंभर पानी वही मला आणखी एका कारणासाठी आठवते. सासऱ्यांनी किती खाल्ले, दुखणे दहापैकी किती, झोप लागली का, हे त्या रोज लिहीत आणि शुक्रवारी नर्सला फोनवर वाचून दाखवत. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमधील ७६६ रुग्णांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पसरलेल्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या ज्या रुग्णांनी आपली लक्षणे नियमितपणे टॅब्लेटवर (हातात धरायच्या संगणकावर) नोंदवली आणि त्रास वाढताच ज्यांच्या नर्सला सूचना गेली, ते मध्यकानुसार ३१.२ महिने जगले. नेहमीच्या पद्धतीने तपासले गेलेले २६ महिने. कोणतेही नवे औषध नाही, फक्त त्रास वेळेवर कळला. वही हा त्यावरचा आपला देशी इलाज. टॅब्लेटची तशी आवश्यकता नाही. फोन उचलणारी नर्स मात्र हवी, म्हणून डे केअरचा थेट नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आता जमिनीबद्दल. पूर्ण डोसने तुमच्या वडिलांना कमी डोसपेक्षा जास्त मिळेल असे सांगणारा पुरावा या अभ्यासात नाही, हे एकदा पक्के झाले की दोन एकर विकण्याची निकड राहत नाही. डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचाराने सुरुवात करावी आणि दोन-तीन महिन्यांनंतरचे पहिले स्कॅन होईपर्यंत जमिनीला हात लावू नये, असे माझे वैयक्तिक मत आहे. दरम्यान रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचारातील काय बसते ते विचारा. रुग्णालय धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. त्यासाठी समाजसेवकाच्या खोलीत अर्ज करावा लागतो, तो बिलिंग काउंटरवर मिळत नाही. ट्रायलमध्ये जागा आहे का हेही विचारा. ‘आमच्या म्हाताऱ्यावर प्रयोग करणार का’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. क्लिनिकल ट्रायलविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती लागते, ट्रायलमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई द्यावी लागते, आणि कोणत्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता येते. देशातील ट्रायल्सची सरकारी नोंदणी सीटीआरआय या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. निवोलुमॅबची सर्वांत लहान वायल, म्हणजे औषधाची कुपी, ४० मिलिग्रॅमची येते आणि तुमच्या वडिलांना २० मिलिग्रॅम लागणार आहे. उघडलेली वायल पुढच्या खेपेसाठी ठेवता येत नाही. उरलेले औषध वाया जाते आणि पैसे मात्र पूर्ण वायलचे मोजावे लागतात. आमच्याकडे दर तिसऱ्या गुरुवारी भोरचे एक निवृत्त शिक्षक आणि भोसरीचे एक रिक्षाचालक ठरवून एकाच वेळी येत असत. फार्मासिस्ट एक वायल उघडून दोघांच्या सलाईनमध्ये अर्धी-अर्धी भरायचा आणि दोघे निम्मे-निम्मे पैसे द्यायचे. डे केअरच्या सिस्टरला विचारून बघा, हाच डोस घेणारे दुसरे कोणी आहे का आणि त्यांचा वार कोणता.