‘गंमतच तर केली होती’

“आम्ही गंमतच तर केली होती, कुणाला इजाही झाली नाही, मग तो एवढा दुखावला का?” हा प्रश्न माझ्या समुपदेशन कक्षात वसतिगृहातली मुले विचारतात, त्यांचे पालक विचारतात, कधी नवविवाहित जोडपीही विचारतात. त्याचे उत्तर मला एका तरुणाच्या बोलण्यातून सापडले. त्याच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून तो अनुभव येथे लिहीत आहे.

सदाशिव पेठेत चार मित्र कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. माझ्याकडे आलेला २३ वर्षांचा तरुण हा त्या खोलीतला हसवणारा. झोपलेल्याला काजळाने मिश्या काढणे, नाकाला टूथपेस्ट फासणे, कानात कागदाची सुरळी फिरवणे हे त्याचे नेहमीचे उद्योग. एका रात्री त्याने भिंतीवरच्या घड्याळातली आणि एका मित्राच्या मोबाइलमधली वेळ पुढे केली आणि एक वाजता “सहा वाजले, सराव परीक्षा चुकेल” असे म्हणत त्याला उठवले. मित्र गार पाण्याने अंघोळ करून, बॅग घेऊन जिना उतरला आणि बंद दुकानांच्या अंधाऱ्या गल्लीत येऊन उभा राहिला. वर गॅलरीत तिघे हसत होते आणि चित्रीकरण चालू होते. त्या दिवसापासून मित्राने त्याच्याशी बोलणे टाकले.

पहिल्या दोन भेटी ‘तो फार मनाला लावून घेतो’ यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी मित्राच्या स्वभावाचा विषय बाजूला ठेवला.

“त्या रात्रीची गोष्ट तुम्ही किती जणांना सांगितलीत?”

“खूप जणांना. खानावळीत, अभ्यासिकेत, गावीसुद्धा.”

“आणि तुमच्या मित्राने?”

तो बराच वेळ गप्प राहिला. “कुणालाच नाही, मॅडम. मिश्यांची गोष्टसुद्धा त्याने कधी सांगितली नाही. सगळ्या आम्हीच सांगतो.”

इतक्या वर्षांत मला न सुचलेली कसोटी त्या उत्तरात होती, आणि तेव्हापासून मी तीच वापरते. ज्याची खोडी काढली तो स्वतः ती गोष्ट मीठमसाला लावून चारचौघांत सांगत असेल, तर ती गंमत दोघांची असते. जागेपणीच्या खोडीत त्याला चिडता येते, मागे धावता येते, परतफेड करता येते. झोपलेला माणूस जागा होतो तेव्हा मात्र इतरांचे हसून झालेले असते. त्यातच झोपेच्या पहिल्या तास-दोन तासांत झोप सर्वांत गाढ असते आणि त्या वेळी उठवलेल्याला काही मिनिटे, कधी अर्धा तासही, नीट विचार करता येत नाही. त्यामुळे “बाहेरचा अंधार तरी बघायचास” असे त्याला ऐकवणे अन्यायाचे आहे.

वागण्याचे कारण भूतकाळात शोधण्यापेक्षा त्याचा हेतू पाहावा, हा ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांचा विचार मला नेहमी मार्गदर्शक वाटत आला आहे. म्हणून मी विचारले, “सगळे हसतात तेव्हा तुम्हाला काय मिळतं?”

“माझी पूर्वपरीक्षा दोनदा गेली. ते तिघे मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेत. ते हसले, की या खोलीत माझीही जागा आहे असं वाटतं.”

अशा मुलाला ‘खोड्या बंद कर’ एवढेच सांगणाऱ्या पालकांनी ती जागा त्याला दुसरीकडे कशी मिळेल याचाही विचार करावा. खोडी काढणाऱ्यांना माझे सांगणे असे, की झोपलेल्या माणसाला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला त्यातून वगळावे; दुखावलेल्याची माफी मागताना ‘गंमत होती’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने शैक्षणिक संस्थांतील विद्यार्थ्याची अशी खोडी काढणेही रॅगिंगमध्ये धरले आहे, हे वसतिगृहातील मुलांनी विसरू नये.

त्या तरुणाने चित्रफीत पुसली, इतरांनाही पुसायला लावली आणि माफी मागितली. मित्र एवढेच म्हणाला, “मला उठवायचं असेल तर हाक मार.” आता अभ्यासिकेतली जागा धरण्यासाठी तो पहाटे पाचला दाराशी उभा राहून त्याला नावाने हाक मारतो, आणि मित्र एक डोळा उघडून आधी खिडकीबाहेर पाहतो.